मेमरी सोडायला लावणारे सर

आमच्या सरांच्या खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. एकेकाळी होती म्हणे. पण रुजू झाल्यावर सरांनी ती स्वतःच्या हातांनी उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवली. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर मिळे, "खुर्ची देल्ली की मानूस बसते. बसला की उठत नाई. अन् तो उठत नाई तवरिक दुसऱ्याले जागा नाई." त्यामुळे मॅनेजरसाहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांच्यासमोर उभेच असायचे. समतेचं एवढं चोख उदाहरण आदिलाबादेत दुसरं नसावं.

मी तिथे प्रोग्रामर म्हणून लागले तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते. आमची संस्था कापूस खरेदी करायची. हंगामात यार्डात ट्रॅक्टरांच्या रांगा लागायच्या. शेतकऱ्याने खिडकीवर नाव सांगायचं, टोकन घ्यायचं, मग कापसाची ओल तपासून वजन व्हायचं. हे सगळं चालायचं ते आमच्या संगणक विभागाच्या भरवशावर. विभागप्रमुख म्हणजे सर, आणि विभाग म्हणजे मी.

सरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. अधिक नेमकं सांगायचं तर, ठेवायचीच नाहीत असं त्यांनी ठरवलं होतं. "नाव टेबलात हाय, पाह्यजे तवा काढतो. डोक्यात कायले भरू?" टेबल म्हणजे लाकडाचं नव्हे, डेटाबेसमधलं. आमच्याकडे तालुक्याला मंडल म्हणतात; मी जैनथ मंडलातली, म्हणून मला ते जैनथवाली म्हणत. जैनथची दुसरी कोणी कामाला लागली असती तर माझं काय झालं असतं कोण जाणे.

डेटाबेसच्या पोटात पॅकेजेस असतात. एका कामाचे लहानमोठे प्रोग्राम एका गाठोड्यात बांधून ठेवलेले, एवढंच ते प्रकरण. पण त्या गाठोड्याच्या वरच्या घडीत तुम्ही एखादी गोष्ट ठेवली, तर ती तिथून हलत नाही. कर्मचारी सकाळी लॉगिन करतो तेव्हापासून तो संध्याकाळी बाहेर पडेपर्यंत ती त्याच्या नावाने सर्व्हरची मेमरी अडवून बसते. काम दोन क्षणांचं असो की नसो. आणि प्रत्येकाच्या नावाने वेगळी. जगातल्या बहुतेक प्रोग्रामरांना याचं काही वाटत नाही. सरांना मात्र हे दिसलं की त्यांच्या कपाळाची शीर ताठ व्हायची.

"हे वरते काऊन ठेवलं?" ते माझ्या स्क्रीनवर बोट आपटून विचारायचे.

"सर, पुढे लागेल म्हणून."

"पुढे लागन! पुढे लागन म्हनून मानूस गावचं पानी डोक्यावर घेऊन फिरते का? घेतलं का? वापरलं का? मंग सोड ना बाप्पा!"

हा त्यांचा मंत्र होता. माझं पॅकेज तपासायचं तर ते पूर्ण मोठ्याने वाचायचे, सत्यनारायणाची पोथी वाचावी तसं. फरक इतकाच की पोथीत शेवटी प्रसाद असतो. इथे प्रसाद प्रत्येक ओळीला मिळायचा. शेजारच्या हिशेब विभागातले लोक जेवणाचे डबे घेऊन दारात उभे राहायचे. मला बोलणी बसायची, त्यांचं जेवण चांगलं जायचं.

ऑफिसात "सोडा" म्हणणारा माणूस बाहेर तरी शांत बसेल, अशी माझी समजूत होती. एका शनिवारी जैनथच्या बसने ती दूर केली. मी गावी निघाले होते, आणि सरही त्याच बसमध्ये होते, कोणत्या तरी खरेदी केंद्राचा कॉम्प्युटर बघायला चाललेले. बस खच्चून भरलेली. सरांच्या पुढ्यात एक सीट रिकामी, आणि तिच्यावर खिडकीतून टाकलेला एक टॉवेल. माणूस नाही, नुसता टॉवेल.

"कोनाचा हाय हा?" सरांनी विचारलं.

आपल्याकडे सीटवरच्या टॉवेलला माणसाइतकाच मान असतो. सरांनी थोडी वाट पाहिली, टॉवेल दोन बोटांत धरला, खिडकीबाहेर सोडून दिला आणि तिथे एका गरोदर बाईला बसवलं. एवढ्यात टॉवेलचा मालक आला. तो टपावर सोयाबीनची पोती चढवत होता. अंगाने तोही पोत्यासारखाच होता.

"माहा दुपट्टा कोनं फेकला बे?"

"म्या," सर म्हणाले. "तू वरते होता. सीट खाली होती. दुपट्टा बसून राह्यला होता. त्याचं तिकीट हाय का?"

पुढची चर्चा मी इथे लिहू शकत नाही. शेवटी कंडक्टरने निकाल दिला की ज्याने टॉवेल फेकला त्याने तो आणून द्यावा. सर ताठ मानेने उतरले, चिखलातून टॉवेल उचलला, झटकला, आणि कंडक्टरने घंटी मारली. बस निघून गेली. टॉवेलचा मालक वर, टॉवेल खाली, आणि टॉवेल धरून उभे असलेले सर आमच्या मागच्या काचेत लहान लहान होत गेले. सोमवारी मी विचारलं, "सर, मग केंद्रावर कसे गेलात?" ते म्हणाले, "ऑटोनं. पन ते बाई बसली ना सीटवर? झालं तं मंग."

असा माणूस ज्या विभागाचा प्रमुख, त्या विभागाचा सर्व्हर मेमरी संपून आडवा पडावा, याला काय म्हणावं? पण तसंच झालं.

त्या वर्षी संस्थेने खिडक्या बऱ्याच वाढवल्या होत्या. नवीन मंडलं जोडली होती, शेतकऱ्यांची नोंदणीही पुष्कळ झाली होती. हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात रोज एक खेळ रंगू लागला. सकाळी टोकनं भराभर निघत. दहा-अकराला सर्व्हर सुस्तावे. दुपार होता होता असा काही गोठे, की खिडकीवरचा मुलगा बटण दाबून चहा पिऊन यायचा तरी नाव उमटलेलं नसे. बाहेर ट्रॅक्टरांची रांग गेटाच्या पार जाऊन रस्त्यावर. गेटाबाहेर खाजगी व्यापारी दुचाकीला टेकून उभे आणि प्रत्येक ट्रॅक्टरला प्रेमाने सांगत, "क्यों सूख रहे भाई, अपने को दे दो." भाव अर्थातच त्यांच्या प्रेमाला शोभेल असा पडका.

त्यात आभाळ भरून आलं. वेचलेल्या कापसावर अवकाळी पाऊस पडला की ओल वाढते, आणि ओल वाढली की आमचीच संस्था तो कापूस परत पाठवते. म्हणजे आमच्या मशीनमुळे थांबायचं, थांबल्यामुळे भिजायचं, आणि भिजल्यामुळे आम्हीच नाही म्हणायचं. व्यवस्था परिपूर्ण होती.

रांगेत माझे वडीलही होते. आदल्या संध्याकाळपासून. त्यांचा फोन आला.

"काऊन वं, तुहं मशीन झोपलं का?"

"बाबा, करून राह्यलो आमी."

"काय करून राह्यले? इकडं व्यापारी मले जावई असल्यासारका चाय पाजून राह्यला. मी अजून दम धरून हावो. आभाळ धरन का नाई, ते मले माईत नाई."

मॅनेजरसाहेब वरंगलकडचे. ते आमच्याशी हैदराबादी हिंदीत बोलत. त्यांनी लगेच हैदराबादहून त्या कंपनीचा तज्ज्ञ बोलावला, जिने आम्हाला सर्व्हर विकला होता. तज्ज्ञ कोट घालून आला. यार्डातली कापसाची रुई त्याच्या कोटावर बसत होती आणि तो ती एकेक वेचत होता. त्याने सर्व्हरकडे पाहिलं, लॅपटॉपवर एक रंगीत आलेख काढला आणि निदान सांगितलं, "मेमरी कम है सार. और मेमरी लेनी पड़ेगी."

मॅनेजरसाहेबांचा चेहरा उजळला. ज्या रोगाला खरेदी हे औषध असतं, तो रोग ऑफिसांना फार आवडतो. "कब आएगी?" त्यांनी विचारलं.

"ऑर्डर के बाद तीन-चार हफ्ते."

"आभाळाले सांगतो मंग, तीन-चार हप्ते थांब म्हनून," सर माझ्याकडे बघत मराठीत म्हणाले. मग साहेबांकडे वळून, "सार, मेमरी कम नहीं है. कोई पकड़ के बैठा है."

कोण पकडून बसलंय हे शोधायला सरांनी सगळी पॅकेजेस वाचायला घेतली. अर्थातच मोठ्याने, आणि अर्थातच सुरुवात माझ्यापासून. माझ्या पॅकेजच्या वरच्या घडीत एक आकडा आणि एक तारीख निघाली. त्यावरून मला जे ऐकावं लागलं ते ऐकून कोणालाही वाटावं, की यार्डातले सगळे ट्रॅक्टर माझ्या त्या तारखेनेच अडवून धरलेत. दारात डबे घेऊन मंडळी जमली होतीच. तज्ज्ञही कोटासकट येऊन उभा राहिला. बसायला जागा नव्हतीच.

पुढचं पॅकेज शेतकऱ्याचं नाव शोधून देणारं होतं. सर वाचू लागले आणि वाचता वाचता त्यांचा आवाज चढला. कारण या गाठोड्याच्या वरच्या घडीत एखादी तारीख नव्हती. एक अख्खी यादी होती. कोणत्याही खिडकीने दिवसातलं पहिलं नाव विचारलं, की हे पॅकेज सगळ्याच्या सगळ्या शेतकऱ्यांची नावं, गावं, सर्व्हे नंबर, खाते क्रमांक टेबलातून उपसून मेमरीत आणून ठेवत होतं. आणि संध्याकाळपर्यंत सोडत नव्हतं. प्रत्येक खिडकीसाठी वेगळी, पुरी यादी. जितक्या खिडक्या, तितके पुरे जिल्हे मेमरीत मांडी घालून बसलेले.

"अरे वा!" सर ओरडले. "वा रे वा! एक नाव पाह्यजे म्हनून सारा जिल्हा घरात आनून बसवला! अन् हरेक खिडकीले येगळा! हा कोन अक्कलवंत हाय?"

तज्ज्ञ कोटावरची रुई वेचू लागला.

"मी विचारून राह्यलो, हे कोनं लिवलं?"

मी इकडेतिकडे पाहिलं. हिशेब विभागातले म्हातारे कारकून आपल्या डब्यातल्या भाजीकडे एकाग्रतेने पाहत होते. त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, कारण कामावर लागले तेव्हा याच पॅकेजची मला कौतुकाने ओळख करून देण्यात आली होती.

"सर," मी म्हणाले, "तुमी."

सर स्क्रीनकडे वळले. परत पहिल्या ओळीपासून वाचलं. या वेळी मनात. आम्ही त्यांना मनात वाचताना पहिल्यांदाच पाहत होतो.

"हो," ते शेवटी म्हणाले. "तवा दोनच खिडक्या होत्या. शेतकरीबी थोडे. टेबलात जाऊन शोधाले येळ लागे, म्हनून म्या यादी वरते ठेवली. लय फास्ट चाले. मोठ्या साहेबानं पाठ ठोकली होती माही." मग तोच मघाचा वरचा सूर लावून, स्वतःच्या स्क्रीनवर बोट आपटत ते म्हणाले, "पन मंग खिडक्या वाढल्या तवा झोपला होता का बे? लोकाईच्या तारखा पकडून राह्यला, अन् सोता जिल्हा दाबून बसला!" स्वतःचं बोलणं त्यांनी स्वतःला शेवटपर्यंत, एकही शिवी न गाळता ऐकवलं. आम्हाला जेवढं मिळायचं त्यापेक्षा जरा जास्तच.

दुरुस्ती अवघड नव्हती. सरांनी यादी काढून टाकली. ज्याचं नाव हवं तेवढंच टेबलातून आणायचं, खिडकीला द्यायचं आणि काम संपताच जागा मोकळी करायची, असं पॅकेज नव्याने लिहिलं. मी वेगळ्या मशीनवर तपासलं. पण खरी अडचण पुढेच होती. चालू कामात पॅकेज बदललं, की डेटाबेस सगळ्या खिडक्यांना एकेकदा लाल अक्षरांत कळवतो की तुमचं आधीचं धरलेलं सगळं टाकून दिलं आहे. त्या क्षणी कोणाचं टोकन अर्धवट असेल तर ते गेलं.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "काम के टाइम में हाथ नहीं लगाना सार. संडे को करो."

"संडे तक बारिश नहीं रुकती."

"बारिश मेरे हाथ में नहीं है. परमिशन मेरे हाथ में है," साहेब म्हणाले, आणि तज्ज्ञाला गाडीत घालून जेवायला निघून गेले.

गाडी गेटाबाहेर पडली आणि सर उठले. "जैनथवाली, तू मशीनीवर बस. मी हात वरते केला की टाक." एवढं सांगून ते खिडक्यांकडे गेले. प्रत्येक खिडकीवाल्याला हातातलं टोकन पुरं करायला लावलं, मग हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवायला लावले. "लाल अक्षर येईन. घाबराचं नाई. पुन्ना बटन दाबाचं." कोणी दाबणार नाही याची खात्री करत ते रांगेने फिरत होते, परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखे.

खिडक्या थांबलेल्या पाहून यार्डात गलका उठला. तेव्हा सरांनी कार्यालयाचा माइक हातात घेतला. वास्तविक "थोडा वेळ थांबा" एवढंच सांगायचं होतं. पण समोर एवढे श्रोते, आणि त्यांपैकी कोणालाही बसायला खुर्ची नाही, हे पाहून त्यांना राहवलं नसावं.

"भावांनो," त्यांचा आवाज यार्डभर घुमला, "तुमी इचारसान, खिडकी काऊन थांबली. तं मी सांगतो. पॅकेज म्हनजे काय..."

मी खिडकीतून त्यांच्या हाताकडे डोळे लावून बसले होते. हात वर जाईना. सर यार्डाला समजावून सांगत होते, की मेमरी ही सगळ्यांची असते, एकानं दाबली की दुसऱ्याचं काम थांबते. एका ट्रॅक्टरवरून "एमैंदि सारू?", म्हणजे काय झालं साहेब, असा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी सगळं पहिल्यापासून तेलुगूत सुरू केलं. कापसावर पहिले दोन-चार थेंब पडले. आणि गर्दीतून माझ्या ओळखीचा आवाज आला, माझ्या वडिलांचा.

"साहेब! भाषन सोडा अन् टोकन द्या!"

यार्ड हसलं. सर थांबले. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना "सोडा" म्हणत होतं. त्यांनी माइक खाली ठेवला आणि हात वर केला.

मी नवीन पॅकेज टाकलं. सगळ्या खिडक्यांवर लाल अक्षरं आली. एक मुलगा "गेलं, गेलं" म्हणून खुर्चीवरून उठलाच. सरांनी त्याला खांदा दाबून बसवलं आणि त्याचं बटण स्वतः दाबलं. नाव उमटलं. मग शेजारच्या खिडकीवर. मग सगळीकडे. मी अडलेल्या मेमरीचा आकडा पाहत होते. तो जो खाली आला तो दिवसभर खालीच राहिला. पाऊस संध्याकाळी आला. तोवर बहुतेक ट्रॅक्टर रिकामे झाले होते आणि उरलेल्यांवर ताडपत्र्या होत्या. बाबांचा कापूस शेडमध्ये पोचला होता. जाताना ते मला एवढंच म्हणाले, "तुहा साहेब येडा हाय. पन मानूस चांगला हाय."

पुढच्या आठवड्यात आढावा बैठक झाली. तज्ज्ञाने नवा रंगीत आलेख दाखवला आणि सांगितलं, की आम्ही हैदराबादहून थोडं "ट्यूनिंग" केलं, त्याचा हा परिणाम. मॅनेजरसाहेबांनी मान डोलावली. बैठक गोडीगुलाबीने संपतच होती. सरांनी गप्प राहायचं होतं. दारात उभ्या असलेल्या मला मनापासून वाटत होतं, की आज तरी यांनी गप्प राहावं.

"ट्यूनिंग-बीनिंग कुछ नहीं हुआ सार," सर म्हणाले. "गलत पॅकेज मैंने लिखा था. मैंने ही बदला. आपकी परमिशन के बिना."

साहेब फार दुखावले. मशीनची चूक खरेदीने मिटते. माणसाने स्वतःची चूक कबूल केली की फाइल उघडावी लागते. शिवाय ती उघडायला लावणारा आपलाच माणूस. मग रीतसर फाइल उघडली, खुलासा मागवला, आणि महिना संपायच्या आत सरांची बदली बेज्जूरकडच्या खरेदी केंद्रावर झाली. तिथे जंगल होतं, थोडं पुढे प्राणहिता नदी होती, आणि एक कॉम्प्युटर होता. मागवलेली मेमरी दरम्यान आलीच. ती बसवली, तज्ज्ञाला शाल-नारळ दिलं, फोटो काढले. सर्व्हर आता इतका मोकळा होता की मेमरीचा मोठा भाग नुसता पडून राहिला. पण फोटो चांगले आले होते.

सर निघाले त्या दिवशी मी विचारलं, "सर, कोणी विचारलं नव्हतं. काऊन सांगतलं?"

"तो कोटवाला सांगून राह्यला होता का त्यानं केलं," ते म्हणाले. "उद्या पुन्ना असं झालं तं हे लोक त्याले बलावतीन. तो पुन्ना मेमरी इकन. अन् तू खरं सांगशीन तं तुहं कोन आयकन? आता फाइलीत लिवून हाय, का पॅकेज वाचा लागते." मग जरा चिडून, "अन् खोटं बोलाचं म्हनजे ते ध्यानात ठेवा लागते. कोनाले काय सांगतलं ते. कोन ठेवते बाप्पा एवढं?"

त्यांची जागा मला मिळाली. मीही पॅकेजेस वाचते, पण मनात. हिशेब विभागाची करमणूक बंद झाली, याबद्दल ते मला अजून माफ करत नाहीत.

गेल्या हंगामानंतर वरून आदेश आला. सगळं सॉफ्टवेअर नवीन येणार, जुनी पॅकेजेस काढून टाकायची. काढताना मी सगळ्यात शेवटी सरांचं ते नाव शोधणारं पॅकेज ठेवलं. का, ते सांगता येणार नाही. ते काढलं आणि बेज्जूरला फोन लावला. तिकडे टॉवरचा भरवसा नसतो. सरांचा आवाज झाडावर चढून बोलत असल्यासारखा येत होता. मागे वजनकाट्यावर कोणीतरी आकडे ओरडत होतं.

"सर, तुमचं ते पॅकेज आज काढून टाकलं."

"कोनी वापरून राह्यलं होतं का?"

"नाही सर."

"मंग मले कायले सांगून राह्यली? काम करू दे." आणि फोन बंद.

मी कामाला लागले. अर्धा तास झाला असेल. फोन वाजला. तेच.

"काढल्यावर काही अडकलं का कुठं?"

"नाही सर."

"मेमरीत काही ऱ्हायलं का मागं? पाह्यलं का नीट?"

"पाह्यलं सर. काहीच नाही ऱ्हायलं."

पलीकडे त्यांनी वजनकाट्यावरच्याला जरा थांबायला सांगितलं.

"म्हनजे दुसऱ्यांदा चांगलं लिवलं होतं," सर म्हणाले, आणि या वेळी फोन त्यांनी लगेच ठेवला नाही.